परड्यातलं झाड कुणाचं?

मी कबनूरहून बोलतेय. इचलकरंजीला लागून असलेलं आमचं गाव, तालुका हातकणंगले. गेली काही वर्षं मी बचत गटांची समन्वयक म्हणून काम करते. बीएला इतिहास विषय होता, म्हणून आज परड्याचा, म्हणजे परसबागेचा इतिहास सांगायला मला बोलावलंय. तो सांगतेच, पण सुरुवात माझ्या घरापासून करते.

माझं लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं तेव्हाची गोष्ट. आमच्या परड्यात पेरूचं झाड होतं. माझे मालक पहिलीत गेले त्या वर्षी आत्तींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, ते लावलं होतं. रोप त्यांनी माहेराहून डालग्यातून आणलं होतं. न्हाणीचं पाणी त्या झाडाला जायचं. हिवाळ्यात पेरू उतरले की गल्लीतल्या सात-आठ घरांत वाटले जायचे, आणि कुणाच्या पोराचं तोंड आलं की त्याची आई कोवळी पानं मागायला यायची.

एकदा आत्ती भाचीच्या लग्नाला माहेरी गेल्या. त्या दोन दिवसांत घरात ठरलं, की शेड मागं वाढवायचं आणि आणखी दोन माग टाकायचे. झाड आडवं येत होतं. सकाळी माणूस आला, दुपारपर्यंत झाड आडवं पडलं आणि लाकूड चारशे रुपयांना गेलं. आत्ती परत आल्या. पिशवी हातातच धरून परड्यात उभ्या राहिल्या. मग एवढंच म्हणाल्या, “मला इच्यारलं असतं तर न्हाई म्हटली नसती. पर इच्यारायचं तरी.”

त्या दिवशी मी घरातच होते. नवी सून, आपण कशाला बोलायचं, म्हणून गप्प बसले. मामंजींचा होकार होता, घर त्यांच्या नावावर होतं, म्हणजे कागदानं बघायला गेलं तर सगळं रीतसर झालं होतं. तरीही काहीतरी चुकलं होतं. नेमकं काय, ते मला सांगता येत नव्हतं. सांगायला शब्द मिळाले ते तीनशे वर्षांपूर्वीच्या एका आज्ञेत, आणि ती आज्ञा आपल्याच भागातली आहे.

आपल्या जिल्ह्यात, घाटाच्या तोंडाशी, गगनबावडा आहे. ही बावड्याची जहागीर रामचंद्रपंत अमात्यांची. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधान मंडळात हे अमात्य होते. पुढे संभाजी महाराज, राजाराम महाराज, ताराबाईंचे पुत्र दुसरे शिवाजी आणि कोल्हापूरचे संभाजी अशा पाच छत्रपतींचं राज्य त्यांनी पाहिलं. राजाराम महाराज जिंजीला गेले तेव्हा इकडचा सगळा कारभार त्यांनी सांभाळला, म्हणून त्यांना ‘हुकूमतपनाह’ हा किताब मिळाला. म्हातारपणी, १७१५ च्या सुमारास, कोल्हापूरच्या संभाजी महाराजांच्या काळात त्यांनी ‘आज्ञापत्र’ लिहिलं. राज्य कसं चालवावं हे सांगणारा हा ग्रंथ आहे. राजा, प्रधान, सावकार, वतनदार, गडकोट, आरमार अशी त्याची प्रकरणं आहेत.

झाडांचा विषय येतो आरमाराच्या, म्हणजे जहाजांच्या प्रकरणात. जहाज बांधायचं तर लाकूड लागणारच. पंत सांगतात, की सागवानासारखं लाकूड राज्यातल्या अरण्यातून हुजूरची परवानगी घेऊन तोडावं. आंबा आणि फणसाचं लाकूडही जहाजाला चालतं, पण त्याला हात लावू द्यायचा नाही. कारण ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेनं ती लावून लेकरासारखी पुष्कळ काळ जतन केलेली असतात. ती तोडली तर त्या माणसाच्या दुःखाला पार राहत नाही. आणि दुसऱ्याला दुःख देऊन केलेलं काम टिकत नाही, करणाऱ्याच्या धन्याच्या माथी दोष येतो. मग अगदी नडच असली तर? एखादं झाड जीर्ण झालेलं, कामातून गेलेलं असेल, तर धन्याला राजी करून, पैसे देऊन, त्याच्या संतोषानं तोडावं. जबरदस्ती अजिबात करू नये.

विचार करा, राज्याचं आरमार ही केवढी मोठी गरज. समोर सिद्दी, इंग्रज, पोर्तुगीज. तरीही पंतांनी एका शेतकऱ्याच्या आंब्यापाशी सरकारी माणसाचा हात धरला. आणि कारण काय दिलं? हे झाड त्यानं लेकरासारखं वाढवलंय. म्हणजे झाडाला विचारणं आलं ते वाढवणाऱ्याला विचारणं. हे वाचलं तेव्हा मला आत्तींचं परड्यात उभं राहणं आठवलं. आमच्या घरी कागदाच्या धन्याला विचारलं होतं. वाढवणारीला विचारलं नव्हतं.

याच ग्रंथात गडाबद्दल लिहिताना पंत सांगतात, की गडावर आंबे, फणस, चिंच, वड, पिंपळ अशी मोठी झाडं आणि लिंबू, नारिंग, फुलझाडं, वेली अशी लहान झाडं लावावीत, जतन करावीत. संकटाच्या वेळी तेच लाकूड उपयोगी पडतं. म्हणजे ज्या माणसानं गड लढवले, त्यानं लिंबाचं आणि फुलांचं झाडही मोजलं.

आता परड्याकडे येऊ. आपल्या परड्यातली झाडं किती जुनी? आंबा, फणस, शेवगा, कढीपत्ता ही आपल्या देशातलीच. तुळस तर वृंदावनात बसलेली आहे, तिला तोडायचं कुणाच्या मनातही येत नाही. पण पेरू, पपई, सीताफळ, रामफळ, अननस, काजू, मिरची, टोमॅटो, बटाटा, भुईमूग ही सगळी पाहुणी मंडळी, अमेरिका खंडातून आलेली. वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला आला, १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला, आणि त्यांच्या गलबतांतून ही रोपं आणि बिया एकामागून एक इकडं उतरल्या. टोमॅटो आणि बटाटा आपल्या स्वयंपाकघरात रुळायला बराच काळ लागला. मिरची मात्र झटक्यात रुळली. त्याआधी आपल्याकडं तिखट म्हणजे मिरी. मिरचीचं नावच त्या मिरीवरून पडलेलं. आज तांबड्या रश्श्याचा अभिमान सांगणाऱ्या कोल्हापूरला पाचशे वर्षांपूर्वी मिरची ठाऊक नव्हती, हे जरा ध्यानात घ्या.

नावांवरूनही माग लागतो. काजू, अननस, बटाटा, पपई हे शब्द पोर्तुगीजांबरोबर आले. हापूस हे नावही अल्फान्सोवरून आलं, गोवा घेणाऱ्या अल्फान्सो द अल्बुकर्कच्या नावावरून. आंबा आपलाच, पण चांगल्या आंब्याचं कलम बांधून तीच जात राखायची रीत गोव्यात पोर्तुगीज पाद्र्यांनी जोमानं चालवली. कोय लावली तर आईसारखाच आंबा येईल याचा भरवसा नसतो, म्हणून कोयीचे आंबे ते रायवळ, प्रत्येक झाडाची चव वेगळी. कलम केलं की आईचा गुण जसाच्या तसा उतरतो. आणि काही परदेशी फळांना तर आपण सीतेचं आणि रामाचं नाव देऊन टाकलं. इतकी ती घरची झाली.

गोव्याहून घाट चढून ही झाडं आपल्या गावात कशी पोचली? व्यापाऱ्यांच्या बैलांच्या तांड्यांबरोबर आली असतील, फौजेबरोबर, यात्रेकरूंबरोबर आली असतील. पण गावात आल्यावर घराघरांत कशी गेली हे सांगायला इतिहासकार नको. आपण सगळ्याजणी जाणतो. माहेराहून येताना पदराच्या गाठीत घेवड्याचं बी येतं. शेजारणीकडून जास्वंदीची फांदी येते. दोडक्याचं, भोपळ्याचं बी राखेत घोळून मडक्यात राहतं. ओटी भरतानासुद्धा आपण फळ आणि धान्य घालतो. राजे आणि गलबतं यांची नावं पुस्तकात आली. घराघरांत बी नेणाऱ्या बायांची नावं कुठंच आली नाहीत.

शास्त्रज्ञांनीही मोठं काम केलं, तेही सांगते. पुण्यात गणेशखिंडीला एकोणिसाव्या शतकात सरकारी बाग उभी राहिली. तिथं १९२७ मध्ये डॉ. चीमा यांनी पेरूची एक जात निवडली. ती ‘लखनौ-४९’ म्हणून ओळखली गेली, पुढं तिलाच ‘सरदार’ नाव मिळालं. पांढऱ्या गराचा, गोड, भरपूर लागणारा हा पेरू आजही नर्सरीत मागितला की मिळतो. कोकणात दापोलीला १९७२ मध्ये कृषी विद्यापीठ झालं, तिथून आंब्याची कोय कलमं शेतकऱ्यांपर्यंत गेली. तरी घरच्या बियांची किंमत जगाला पटवून दिली ती एका बाईनंच. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेलेल्या नाहीत. परसबागेतल्या वाल, घेवडा, पालेभाज्या, भात अशा गावरान वाणांचं बी त्यांनी जपलं, बायांचे गट केले, घरातच बियाणं बँक उभी केली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आपल्या आज्या जे मडक्यात ठेवत होत्या, तेच त्यांनी नाव लिहून, ओळीनं मांडून ठेवलं.

आता मालकीचं बघू. १९८६ साली नाशिक जिल्ह्यात चांदवडला शेतकरी बायांचं प्रचंड अधिवेशन झालं. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी त्यानंतर ‘लक्ष्मी मुक्ती’चा कार्यक्रम घेतला. घरच्या लक्ष्मीच्या नावावर थोडी तरी जमीन करून द्या, असं पुरुषांना सांगितलं आणि पुष्कळांनी दिलीही. बायांनी स्वतःच्या तुकड्यावर घरापुरतं, औषधं न मारता पिकवायचं, त्याला त्यांनी ‘सीता शेती’ म्हटलं. महाराष्ट्रात १९९४ मध्ये आणि देशभर २००५ मध्ये वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला. ‘उमेद’ अभियानानं २०२० मध्ये पोषण परसबागेची मोहीम चालवली, त्यात आपल्यातल्या कितीतरी जणींनी वाफे केले. हे सगळं खरं. तरी घराचा उतारा काढून बघा. बहुतेक ठिकाणी एकट्या पुरुषाचं नाव दिसेल. बांधावरचं झाड सातबाऱ्याच्या पीक पाहणीत लावता येतं. परड्यातल्या झाडाला उतारा नाही. ज्या बाईनं वीस वर्षं पाणी घातलं, तिच्या नावाची एक ओळ कुठं सापडत नाही.

आमच्या भागात ही अडचण जास्तच जाणवते. १९०४ साली इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला. संस्थानचे अधिपती नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांनी पाठबळ दिलं. त्यातून आज लाखो लोकांचं पोट भरतं, माझ्या घरचंही. मागाला मी कशी नावं ठेवू? पण माग आले तसं शेड आलं. पोरं वाढली तशा खोल्या आल्या. भाडेकरूंसाठी आणखी खोल्या आल्या. आणि या सगळ्याला जागा दिली ती परड्यानं. अंगण राहिलं, कारण तिथं गाडी लागते. परडं गेलं.

म्हणून आमच्या गटात आम्ही एक साधं काम सुरू केलं. इतिवृत्ताच्या वहीत मागचं एक पान झाडांसाठी ठेवलं. सभासदाचं नाव, झाड कोणतं, कुठून आणलं, कोणत्या साली लावलं, कुणी वाढवलं. पहिल्या बैठकीत सगळ्या हसल्या. “झाडाची बी बचत लिवायची काय?” असं एकजण म्हणाली. मग लिहायला बसलो तर दोन तास पुरले नाहीत. एकीचा कढीपत्ता सासूच्या सासूनं लावलेला निघाला. एकीनं सांगितलं, की लिंबाचं झाड तिनं पहिलं बाळ गेल्यावर लावलंय, आणि हे तिनं घरात कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

हे पान म्हणजे कोर्टाचा कागद नव्हे, हे मी स्पष्ट सांगते. त्यानं मालकी सिद्ध होत नाही. पण घरात बांधकामाचा विषय निघाला की ती बाई म्हणू शकते, “झाड माझ्या नावावर गटात नोंदलंय, आधी मला विचारा.” एका घरी एवढ्यावर भिंत दोन फूट अलीकडं घेतली आणि शेवगा वाचला. दुसऱ्या घरी चिकू गेलाच, जागाच नव्हती. पण तिला विचारलं गेलं, ती हो म्हणाली, आणि शेवटचे चिकू तिनं स्वतःच्या हातानं उतरवून वाटले. आत्तींना एवढंच हवं होतं.

झाड जाणारच असेल तर आधी त्याचं पिल्लू करून घ्या. पेरू, डाळिंब, लिंबू यांची गुटी कलमं घरी होतात. पावसाळा लागला की पेन्सिलीएवढ्या जाडीची, वर्षभराची निरोगी फांदी निवडा. तिच्यावरची इंचभर साल बांगडीसारखी गोल काढा, आतल्या लाकडाला इजा करू नका. तिथं नर्सरीत मिळणारं शेवाळ भिजवून, पिळून गुंडाळा, वरून प्लास्टिकचा कागद लावून दोन्ही टोकं सुतळीनं घट्ट बांधा. महिना-दीड महिन्यात कागदातून पांढरी मुळं दिसतात. ती चांगली दिसली की गुटीच्या खालून फांदी कापा, कागद सोडा, पिशवीत लावा आणि दोन-तीन आठवडे सावलीत ठेवा. त्याला आईचाच पेरू लागतो. शेवग्याचं आणखी सोपं, मनगटाएवढी जाड, तीन-चार फुटांची फांदी जमिनीत रोवली तरी फुटते.

परडं नसेल त्यांनी गच्चीचा कोपरा धरा. जुना ड्रम, फुटकी बादली, तेलाचा डबा चालतो. खायच्या झाडाला रंगाचा किंवा केमिकलचा डबा मात्र घेऊ नका. बुडाला चार-पाच भोकं पाडा, त्यावर खापऱ्या ठेवा. दोन पाट्या मातीला एक पाटी कुजलेलं शेणखत घाला. ओलं शेण घातलं तर मुळं जळतात. बोट घालून बघायचं, दोन पेरं माती कोरडी लागली तरच पाणी द्यायचं. कुंडीतली झाडं तहानेपेक्षा जास्त पाण्यानंच मरतात, पपई तर पहिली. कढीपत्त्याचे शेंडे खुडत राहा, म्हणजे तो पसरतो. शेवगा तीन फुटांवर गेला की शेंडा मोडा, म्हणजे शेंगा हाताला येतात. पेरूला नव्या फुटीवर फळ लागतं, म्हणून तोडणी झाली की हलकी छाटणी करा. भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी कुंडीला घाला. अळूला आणि केळीला न्हाणीचं पाणी चालतं, साबणाचं दाट पाणी नको.

आमच्या पेरूचं पुढं काय झालं ते सांगून थांबते. गल्लीच्या टोकाला एका घरी आमच्याच पेरूच्या बियांचं झाड उगवलं होतं. वाटलेल्या पेरूंतलं एखादं बी तिथं पडलं असणार. त्या झाडाची गुटी मी बांधली आणि गच्चीवर ड्रममध्ये लावली. तिसऱ्या वर्षी फळ धरलं. पहिला पेरू मी आत्तींना दिला. त्यांनी चावून बघितला, जरा वेळ गप्प राहिल्या. “त्यो न्हवं ह्यो,” म्हणाल्या, “पर नातू लागतोय त्येचा.” बीचं झाड, चव थोडी बदलणारच. वहीच्या पानावर मी त्या पेरूपुढं ‘वाढवणार’ या रकान्यात आत्तींचं नाव लिहिलंय, कारण रोज सकाळी जिना चढून पाणी त्याच घालतात.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीला वहीचं मागचं पान उघडा. आपलं झाड लिहा, सासूचं लिहा, सासूच्या सासूचं आठवत असेल तर तेही लिहा. आणि ज्या घरी झाडावर कुऱ्हाड यायची वेळ येईल, तिथं नवी सून असलात तरी गप्प बसू नका. “वाढवणारीला विचारलंय का?” एवढं एकदा मोठ्यानं विचारा.